बियाण्याच्या बॅगेतली छोटी पुडी

आमच्याकडे वाईट बातमी रस्त्यात सांगत नाहीत. सांगणारा आधी तुमच्या हातातली पिशवी घेतो. त्या बुधवारी आमच्या गावचा बाजार होता आणि मी लोणच्याच्या कैऱ्या निवडत उभी होते. शेजारची कौसाबाई आली आणि माझी पिशवी तिनं आपल्या हातात घेतली. मी म्हटलं, "काऊन वं? जड नाई ते." ती म्हणाली, "चाला बाई घरी." तेवढ्यावर कळलं. कोण गेलं ते मात्र कळलं नाही. रस्ताभर घरातलं एकेक माणूस डोळ्यांपुढं येत होतं आणि खोटं कशाला बोलू, वच्छलाचं नाव सगळ्यात शेवटी आलं. वीस-बावीस वर्षं मी तिच्याच जिवाला जपलं, तिच्या गोळ्या, तिची झोप, तिची साखर… आणि त्या दिवशी वाटलं, तिचं काय, ती तर सकाळीच चांगली पाहिली. ओसरीवर तुरीची डाळ पाखडत बसली होती. घरी पोचले तर सूप तसंच मांडीवर होतं, डाळ सांडलीसुद्धा नव्हती. भिंतीला टेकून बसल्याबसल्या गेली. हार्ट, असं म्हणाले डॉक्टर.

वच्छला माझी धाकटी जाऊ. तिच्या तेरवीला बायका पत्रावळी उचलत होत्या तेव्हा कौसाबाई हळूच म्हणाली, "गोळ्यायनं खाल्लं तिले. इतके वर्सं कोनी गोळ्या खाते काय?" दोघी-तिघींनी माना हलवल्या. मी पत्रावळी उचलत राहिले. तेरवीच्या दिवशी भांडू नये. पण ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं. मला लहानपणापासून खोड आहे, एखादी गोष्ट कळली नाही की ती उलटीसुलटी करून पाहायची. शाळा चौथीपर्यंतच, पण खताच्या पोत्यावरचं, औषधाच्या बाटलीवरचं, वाण्याच्या पुडीच्या कागदावरचं, जे हाती येईल ते मी वाचत आले. तर मी विचार केला, खरंच खाल्लं का गोळ्यांनी? आणि हे विचारायचं तर सुरुवातीपासून आठवावं लागेल. त्या सुरुवातीत एक चूक आहे, ती वच्छलाची नाही, माझी आहे.

वच्छला लग्न होऊन आली तेव्हा एवढीशी, काटक, हातानं चपळ. कपाशी वेचायला लागली की दोन बायांची ओळ ती एकटी उरकायची. माझे दीर गजानन भाऊजी तिच्याकडं पाहून आपले हसत राहायचे. तीन-चार वर्षं अशी गेली. मग एका हंगामात ती वेचता वेचता थांबायला लागली. मान तिरपी करून ऐकायची. मी विचारलं, "काय ऐकून राह्यली वं?" ती म्हणाली, "बाई, बाजूच्या ओळीत बाया हायेत. माह्याबद्दल बोलून राह्यल्या." बाजूच्या ओळीत कुणी नव्हतं. पुढं पुढं त्या बाया घरात आल्या, चुलीमागं बसायला लागल्या, हिनं केलेल्या भाजीत काही कालवतात म्हणायला लागल्या. तिनं जेवण सोडलं, आंघोळ सोडली. आमच्या सासूबाईंनी, आत्याबाई म्हणायचो आम्ही त्यांना, जे काय करायचं ते सगळं केलं, लिंबू उतरवलं, दोन ठिकाणी नेऊन आणलं. शेवटी भाऊजींनीच हट्ट धरला आणि बुलढाण्याला सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांकडं नेलं. मी सोबत गेले, कारण वच्छला माझाच पदर सोडत नव्हती.

डॉक्टर तरुण होते, भरभर बोलत होते. गोळ्या दोन प्रकारच्या लिहून दिल्या, एक मोठी, एक छोटी. दोन्ही रोज द्या, बंद करू नका, झोप येईल, उन्हात जपा, मान-हात आखडले तर लगेच या… असं बरंच काही सांगितलं. मी हाव हाव म्हणत मान हलवत गेले. दवाखान्यात त्या दिवशी गोळ्या नव्हत्या म्हणून येताना नांदुऱ्याला उतरलो आणि रशीदभाईंच्या मेडिकलमधून घेतल्या. घरी आल्यावर मी त्या दोन्ही पट्ट्या हातात घेऊन उजेडात पाहिल्या. मोठ्या गोळीचं नाव अक्षर लावून वाचलं, हॅलोपेरिडॉल. छोटीचं नाव त्याहून लांब, ते काही मला वाचता आलं नाही. आणि तिथं माझ्या डोक्यात जे आलं ते आमच्याच भागातल्या बाईच्या डोक्यात येऊ शकतं.

तेव्हा बोंडअळी न लागणारी बीटी कपाशी नवी नवी आली होती. बियाण्याची बॅग फोडली की आत मोठ्या पाकिटासोबत एक छोटी पुडी निघायची. ती साध्या कपाशीची. वावराच्या चारही बाजूंनी तिच्या ओळी लावायच्या, असं बॅगेवर लिहिलेलं असायचं. मी ते वाचून आमच्या यांना सांगितलं, तर हे म्हणाले, दुकानदारच सांगतो, ते कंपनीचं नुसतं सोबत असते, नाही लावलं तरी चालते. सगळं गाव ती पुडी बांधावर फेकायचं, नाहीतर जिथं बी उगवलं नाही तिथं खाडे भरायला वापरायचं. आमच्या घरी मी त्या पुड्या एका पत्र्याच्या डब्यात टाकून ठेवायची, फेकवत नाही म्हणून. तर ती छोटी गोळी पाहिली आणि मला वाटलं, ही तशीच. खरं औषध मोठी, ही आपली सोबतची. पोरगी आधीच काही खात नाही, तिच्या पोटात जेवढं कमी जाईल तेवढं बरं. मी छोट्या गोळ्यांची पट्टी त्याच डब्यात, बियाण्याच्या पुड्यांशेजारी ठेवून दिली. किती शहाणपण वाटलं मला तेव्हा स्वतःचं.

तिसऱ्या दिवशी वच्छला शांत झोपली. घर खूश. चौथ्या दिवशी सकाळी ती चुलीपाशी बसली होती आणि तिची मान डाव्या खांद्याकडं वळायला लागली. वळली आणि तिथंच अडकली. डोळे वर गेले, बुबुळं कपाळाकडं. जीभ जाड झाल्यासारखी, बोलायला जाते तर नुसता आवाज. सगळं कळत होतं तिला, हे सगळ्यात वाईट. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि डोळे खाली येत नव्हते. आत्याबाई म्हणाल्या, "देवीनं मान मुरगाळली. सांगत होती मी, दवाखान्यात नेऊ नका." आमचे हे म्हणाले, लकवा मारला गोळीनं. शेजारपाजार जमला. भर दुपारी ओसरीवर बसून ठरलं की गोळ्या बंद, आणि उद्या सकाळी वच्छलाला माहेरी पोचवून द्यायचं, त्यांचं त्यांनी पाहावं. माहेरी कोण होतं तिला? थकलेला बाप आणि भावजय. तिथं गेली असती तर एका खोलीला बाहेरून कडी लागली असती, हे तिथं बसलेल्या सगळ्यांना माहीत होतं. भाऊजी खांबाला धरून उभे होते. तेही घाबरले होते, गोळ्यांचा हट्ट त्यांचाच ना.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. माझ्या मागं फडताळात तो डबा होता. डॉक्टर मान आखडल्याचं काहीतरी बोलले होते, ते आत्ता आठवलं, आणि ती छोटी गोळी आठवली. गप्प राहिले असते तर कुणाला काही कळलं नसतं. घरातली मोठी सून मी, माझ्या शब्दाला तेव्हा किंमत होती आणि ती मला फार आवडायची, हेही लिहिते. पण आतून वच्छलाचा तो आवाज येत होता… मी डबा काढला, ओसरीवर सगळ्यांच्या मधोमध नेऊन ठेवला आणि म्हटलं, "ह्या गोळ्या मी तिले देल्याच नाई. दोन देल्या होत्या डॉक्टरनं, मी एकच देली. चूक गोळीची नाई, माही हाय."

आत्याबाईंनी डब्यात पाहिलं. पट्टी पाहिली, बियाण्याच्या पुड्या पाहिल्या. म्हणाल्या, "इतकं वाचते तू, अन् हे वाचलं नाई?" याच्याहून कडक त्या मला कधी बोलल्या नाहीत.

काळीपिवळी जीपमध्ये घालून नांदुऱ्याला नेलं. आधी रशीदभाईंच्या दुकानापुढंच गाडी थांबवली, कारण दवाखाना कोणता, कुठं, काही सुचत नव्हतं. ते गल्ला सोडून खाली आले, वच्छलाकडं एकदा पाहिलं आणि विचारलं, "भाभी, वो छोटीवाली देऊन राह्यले ना?" मी मान खाली घातली. म्हटलं, "मले वाटलं, बियाण्याच्या पुडीसारखी सोबतची हाय." ते म्हणाले, "अन् ती पुडी तरी बिनकामाची हाय, हे कोनं सांगतलं तुमाले?" मग स्वतः गाडीत पुढं बसून दवाखान्यात घेऊन गेले. तिथं एक इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासात, माझ्या डोळ्यांदेखत, तिची मान हळूहळू सरळ झाली. सुंभाचा पीळ उलगडतो तशी. डोळे खाली आले आणि पहिल्यांदा तिनं माझ्याकडं पाहिलं. तिथले डॉक्टर म्हणाले, मोठ्या गोळीनं काहींचे स्नायू असे आखडतात, सुरुवातीच्या दिवसांत तर जास्तच. ते होऊ नये म्हणूनच छोटी. आणि असं झालं तर घरी बसायचं नाही, गोळ्या आपल्या मनानं बंदही करायच्या नाहीत, लगेच दवाखाना.

परत येताना रशीदभाईंनी मला दुकानात बसवलं, चहा सांगितला आणि दोन्ही गोळ्यांचं समजावून सांगितलं. मी विचारत गेले, ते सांगत गेले. एखादी वेळ चुकली तर? आठवल्यावर द्या, पण पुढच्या गोळीची वेळ झाली असेल तर दोन एकदम देऊ नका. दुसऱ्या कुणाची गोळी हिला चालते? नाही. हिची दुसऱ्याला? बिलकुल नाही. सर्दी-खोकल्याचं औषध सोबत? आधी विचारायचं. शेवटी ते हसून म्हणाले, "भाभी, इतके सवाल तं डॉक्टरकीच्या परीक्षेत नाई येत." मी म्हटलं, "आधी विचारले असते तं इथं बसली नसती." त्यानंतर त्यांच्या दुकानात मी गेले की ते आपल्या माणसाला म्हणायचे, स्टूल दे, परीक्षावाल्या भाभी आल्या.

वच्छलापाशी मी कबूल केलं ते पाच-सहा महिन्यांनी, ती पूर्ण माणसात आल्यावर. आम्ही दोघी निंदत होतो. मी सगळं सांगितलं आणि वाट पाहत राहिले, रागावेल, रडेल. ती निंदतच राहिली. म्हणाली, "मले माईत होतं. तुमी ते डब्यात ठेवत होत्या, मी पाह्यलं." मी म्हटलं, "मंग बोलली काऊन नाई?" तर म्हणे, "मले वाटलं, तुमच्यासाठी ठेवून राह्यल्या. तुमीबी लय बोलता ना एकट्याच." मी हातातलं खुरपं ठेवून हसले. खरंच आहे, मी कामात एकटीच बडबडते. तिला प्रामाणिकपणे वाटलं होतं की मलाही बाया ऐकू येतात आणि मी लाजून सांगत नाही.

त्या बायांबद्दल मला फार कुतूहल होतं. घरातले म्हणायचे, विचारू नको, खपली काढू नको. पण डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, विचारा, फक्त खोटं पाडायला जाऊ नका आणि खरंही म्हणू नका. मग मी विचारायची. कशा आहेत दिसायला? दिसत नाहीत, नुसता आवाज. किती आहेत? कधी चार, कधी ओळ भरून. ओळखीच्या? एकीचा आवाज माझ्या मावशीसारखा आहे, पण ती मावशी नाही. गोळी घेतल्यावर जातात का? यावर ती विचार करून म्हणाली, "जात नाईत बाई. लांब जातात. आधी बाजूच्या ओळीत होत्या, आता बांधापलीकडं निंदून राह्यल्या. बोलतात, पन काय बोलतात ते येत नाई." मला ते इतकं आवडलं, म्हणजे कळलं. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी जेवणानंतर मी तिला विचारायची, "आज कुठी हायेत बाया?" आणि ती सांगायची, बांधावर, नाल्यापलीकडं, पार सडकेवर. दर महिन्याला डॉक्टरांना मी तेच सांगायची. ते लिहून घ्यायचे, हसत नव्हते. म्हणाले, यापेक्षा चांगलं मोजमाप माझ्याकडंही नाही.

एकदाच फसलो. वेचणीचे दिवस होते, गोळीनं तिला सकाळी गुंगी यायची, हात जड व्हायचे. तिच्या पुढं ओळीत कुणी गेलेलं तिला खपत नव्हतं. तिनं गोळी जिभेखाली धरून तुळशीत थुंकायला सुरुवात केली. आठवडाभर भलतीच चपळ. संध्याकाळी विचारलं तर सांगायची, सडकेवर. मग एक दिवस विचारलं तर म्हणाली, "काऊन विचारून राह्यल्या? तुमाले काय करायचं?" तिचा माझ्यावरचा तो पहिला संशय. मी समजले, बाया जवळ आल्या आणि तिला ते मला सांगू देत नाहीत. पाणी घालायला गेले तर तुळशीच्या मातीत पांढरे ठिपके. रागावले नाही. दुसऱ्या दिवशी बुलढाण्याला गेलो, तिनंच मान खाली घालून सांगितलं. डॉक्टर म्हणाले, थुंकण्याऐवजी मला सांगायचं होतंस, गोळीची वेळ बदलता येते. सकाळची गोळी त्यांनी संध्याकाळच्या जेवणानंतर करून दिली. इतकं सोपं होतं ते. आणि उन्हाचं तेव्हा पुन्हा बजावलं, या गोळ्यांवर अंगाला ऊन कळत नाही, घाम नीट येत नाही, पाणी पीत राहायचं, भर दुपारी सावली. मी मजूरबायांना म्हटलं, दुपारी सगळ्याच बसू या कडूनिंबाखाली, ती एकटी बसली तर तिला लाज वाटते. बायांना काय, बसायला कोण नको म्हणतं? अजून आमच्या वावरात ती सुट्टी होते.

त्यानंतरच ती पेटी केली. सात काडेपेट्या एकमेकींवर चिकटवल्या, आत कागद लावला. वच्छलाला वाचता येत नव्हतं, म्हणून वारांच्या खुणा तिनंच सांगितल्या. सोमवारावर बेलाचं पान काढलं, मंगळवारी कुंकवाचं बोट, बुधवारी बाजार म्हणून तराजू, तो मी काढला तो बेडकासारखा दिसतो. दर रविवारी ती पट्टी कात्रीनं कापून, गोळी पत्र्यातून न काढता, एकेका काडेपेटीत दोन दोन ठेवायची. मोठी आणि छोटी. रिकामी काडेपेटी म्हणजे घेतली, भरलेली म्हणजे राहिली. भांडणाला जागाच नाही.

आणि त्या सालापासून वच्छलानं बियाण्याच्या बॅगेतली पुडी कुणाला फेकू दिली नाही. लावणीच्या दिवशी ती पुडी तिच्या पदरात. स्वतः वावराच्या कडेनं वाकून एकेक बी टोबायची. भाऊजी चिडवायचे, "अळ्यायले जेवू घालून राह्यली." ती म्हणायची, "छोटीले सोबतची समजू नका म्हणलं ना." मी कृषी खात्याच्या कागदावर वाचलं होतं, कडेच्या साध्या कपाशीवर अळी जगते, म्हणून ती बीटीला सरावत नाही. मी तिला वाचून दाखवलं, ती म्हणाली, "तेच तं. मोठीचं अंगावर येऊ नये म्हून छोटी." आता याचा शेवट गोड करून सांगता आला असता, पण तसं झालं नाही. गुलाबी बोंडअळीचं साल आलं तेव्हा आमचीही बोंडं किडली, गावासारखीच. एका वावराच्या कडेनं काय होणार? सगळ्यांनी लावायची होती. त्या हंगामात गावात कुणाच्या तोंडाला चव नव्हती. आमच्या यांनी तर फवारणीचं नावच टाकलं, नुसते बसून राहायचे. तेव्हा वच्छला त्यांना म्हणाली, "दादा, झोप येते का? नाई येत असंन तं डॉक्टरले सांगा. लाजू नका, मी येतो संगं." घरात ज्यांनी तिला माहेरी पोचवायचं ठरवलं होतं, त्यांना ती घेऊन गेली बुलढाण्याला. नंबर लावून दिला, बाकावर शेजारी बसून राहिली.

पुढं तिची मोठी गोळी बदलली, नवीन आली, आणि डॉक्टर म्हणाले, आता छोटीची गरज नाही, ती आपण हळूहळू बंद करू. वच्छला खुर्चीतून उठेना. "काऊन काढून राह्यले छोटी? एकदा काढली होती तं माही मान फिरली होती." डॉक्टर नवीन होते, त्यांना काय माहीत. मी सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी तिला शांतपणे समजावलं की नव्या गोळीनं सहसा तसं आखडत नाही, आणि छोटी उगाच घेतली तर तोंड कोरडं पडतं, विसरायला होतं. आखडलंच तर परत देऊ. तिनं ऐकलं. पण काडेपेटीत एकच गोळी तिला उघडी-बोडकी वाटायला लागली. मग तिनं कडेच्या ओळीतलं एक बोंड आणलं, हातानं सरकी काढली, पेरायची रंगवलेली विषारी सरकी नव्हे, वेचलेल्या कापसातली साधी, आणि छोटीच्या जागी प्रत्येक काडेपेटीत एकेक ठेवून दिली. नव्या गोळीनं ती गोल झाली, साखर वाढली. दर सहा महिन्यांनी रक्त, वजन, छातीची पट्टी म्हणजे ईसीजी. भात कमी, ज्वारीची भाकर, संध्याकाळी मारुतीपर्यंत चालणं. कुरकुरायची, पण चालायची.

तर तेरवीनंतर मी त्याच डॉक्टरांकडं गेले आणि सरळ विचारलं, गोळ्यांनी गेली का? त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "आजी, गोळीचा काहीच वाटा नाही, असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. या गोळ्यांनी वजन, साखर वाढते, त्याचा भार हृदयावर येतो. म्हणूनच तपासत होतो. पण तुम्ही सांगा, गोळी नसती तर त्या एवढी वर्षं कुठं असत्या?" माझ्या डोळ्यांपुढं माहेरची ती बाहेरून कडी लावलेली खोली आली. मला सोपं उत्तर हवं होतं, ते मिळालं नाही, पण खरं मिळालं.

ते उत्तर माझ्यापाशी ठेवून मी बसले असते. पण मागच्या आठवड्यात कौसाबाई आली. तिची सून मीना, बाळंतपणानंतर तिलाही भास व्हायला लागले होते, वर्षभर गोळ्यांवर चांगली होती. वच्छलाच्या तेरवीवरून घरी गेली तशी कौसाबाईनं मीनाच्या गोळ्या बंद केल्या. आता मीना जेवत नव्हती, दाराआड उभी राहत होती. कौसाबाई म्हणाली, "वच्छलाच्या उरल्या असतीन तं दोन-चार द्या. वायाच जातीन. एवढ्यासाठी बुलढाण्याले कोन जाईन?" आमच्याकडं बी-बियाणं, विरजण, विस्तव, सगळं शेजारी मागून आणतात, तिच्या मागण्यात वाईट काही नव्हतं. मी म्हटलं, "कौसे, बियाणं उसनं देईन, विरजण देईन. गोळी नाई. ती वच्छलाच्या मापाची होती." मग तिला बसवलं आणि डब्याची ती गोष्ट सांगितली, पुन्हा एकदा मोठ्यानं, पहिल्यापासून. पहिल्या वेळेपेक्षा सोपं गेलं नाही. तिनं सगळं ऐकलं ते पदराचं टोक बोटाला गुंडाळत. म्हणाली, "तुमच्याकून झाली चूक तं माह्याकूनबी झाली समजा." म्हटलं, "झाली. आता उठ."

दुसऱ्या सकाळी आम्ही तिघी बुलढाण्याला गेलो. मध्ये सुटलेल्या गोळ्या डॉक्टरांनी आधीच्याच मापानं एकदम दिल्या नाहीत, थोडक्यापासून पुन्हा चालू केल्या. वच्छलाच्या उरलेल्या गोळ्या येताना रशीदभाईंच्या हवाली केल्या. आता ते म्हातारे झालेत, पण काउंटरवर बसतात. पट्ट्या हातात घेऊन म्हणाले, "परीक्षा संपली भाभी?" मी म्हटलं, "नाई. नवी पोरगी भरती झाली."

काल मीना आली होती, सात रिकाम्या काडेपेट्या घेऊन. ओसरीवर, वच्छला बसायची त्याच भिंतीपाशी, आम्ही तिची पेटी चिकटवली. ती शिकलेली आहे, वार अक्षरांत लिहिले. नमुना म्हणून मी वच्छलाची पेटी पुढ्यात ठेवली होती. मीनानं एक काडेपेटी उघडली आणि विचारलं, "ही सरकी कायची?" मी सांगितलं. तिनं ती परत जिथल्या तिथं ठेवली.

आता कंपन्या ते साधं बियाणं बॅगेतच मिसळून देतात, वेगळी पुडी येत नाही. लोकांना फेकता येऊ नये म्हणून. वच्छलाला हे कळलं तेव्हा ती म्हणाली होती, बरं झालं, उशिरा सुचलं पण. तिच्या शेवटच्या संध्याकाळी, म्हणजे मंगळवारी, जेवणानंतर मी नेहमीसारखं विचारलं होतं, आज कुठी हायेत बाया? तिनं तोंडात गोळी टाकली, पाणी प्यायली, जरा कान देऊन ऐकलं आणि म्हणाली, "आज आवाजच नाई. घरी गेल्या वाट्टे, सयपाकाले." मला बरं वाटलं. मी जाऊन झोपले.

पेटी फडताळात आहे. संध्याकाळी जेवणं झाली की माझा हात अजून तिकडं जातो. मंगळवारची काडेपेटी मी थोडी हलवते. आत सरकी वाजते.